चार बोटं खिडकी

ठकूमावशी कुठल्याही बाळंतिणीच्या खोलीत शिरली की आधी बाळाकडे बघायची नाही, बाळंतिणीकडेही नाही. तिची नजर सरळ खिडकीवर जायची. खिडकी बंद असली तर ती जाऊन उघडायची, सताड उघडी असली तर ओढून घ्यायची, आणि मग उजव्या हाताची चार बोटं जोडून त्या फटीत घालून बघायची. बोटं बरोबर बसली की "हां" म्हणायची आणि मागे वळून विचारायची, "काय गं बाय, पोरगा का पोरगी?" कर्जतला आमच्या आळीत यावरून तिची फार थट्टा व्हायची. बायका म्हणायच्या, "मावशी, खिडकी सुखरूप आहे ना? बारसं कधी तिचं?" ठकूमावशी हसायची नाही. "हसा," म्हणायची, "हसायला सास लागतो, तो हाय तवर हसा."

ती कडावची. अंगाने काटकुळी, काळीसावळी, लुगडं पोटऱ्यांच्या वर खोचलेलं, कमरेला पानाची चंची आणि डोक्यावर टोपली. टोपलीत एका पसरट घमेल्याला आतून माती लिंपून केलेली शेगडी, एक चिमटा आणि ओव्याची पुरचुंडी. ती सुईण नव्हती. बाळंतपण करायला दुसऱ्या बाया होत्या. ठकूमावशीचं काम त्यानंतर सुरू व्हायचं. सव्वा महिना आई आणि मूल दोघांना तेल लावून न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची आणि संध्याकाळी बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची. कडावहून सकाळच्या एसटीने यायची आणि शेवटच्या एसटीने परत जायची. थंडीच्या दिवसांत मात्र पुष्कळदा त्याच घरी ओटीवर घोंगडी पांघरून पडायची.

मी अलिबागकडची, समुद्राकाठी वाढलेली. थंडी म्हणजे पहाटे जरा पदर ओढून घ्यायचा, एवढीच माझी ओळख. लग्न होऊन कर्जतला आले आणि पहिल्याच वर्षी कळलं की डोंगराच्या पायथ्याची थंडी वेगळी. दिवस कलला की माथेरानच्या अंगाने गारठा उतरायचा आणि नदीवरून फिरत आमच्या मागच्या खोलीत येऊन बसायचा. कौलातून यायचा, जमिनीतून यायचा. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण मला सहावा महिना होता तेव्हा माझी आई गेली. माहेरी वडील आणि दोन धाकटे भाऊ. तिथे कोण माझं करणार? म्हणून मी कर्जतलाच राहिले. सासूबाईंना संधिवात, त्यांना खाली बसलं की उठवायला दोन माणसं लागत. ऐन पौषात मला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी कडावला निरोप धाडला.

ठकूमावशी आली तेव्हा मी रडत होते. आईच्या आठवणीने रडत होते की थंडीने, मला आज सांगता येणार नाही. दोन्ही एकच वाटत होतं. तिने खिडकीत बोटं घातली, "हां" म्हणाली, मग माझ्या पायाशी बसून तळवे हातात घेतले.

"आगं बाय! हे पाय हायेत का बर्फाची लादी? आन वर रडतेस काय? रडू नको. पाय गरम, पोट नरम, डोकं थंड. यवडं सांभाळ, मग रडायचं तं रड."

आमचे हे शाळेत मास्तर. घरात तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडलेले असत. ठकूमावशीने त्यातलेच चार कागद ओढले आणि अंगणात शेगडी पेटवली. त्या कागदांवरच्या लाल शाईच्या खुणा बघून तिने विचारलं, हे लाल काय? सासूबाई म्हणाल्या, चुका. "म्हंजे नापास झाल्याली पोरं का? जाऊद्या, मास्तरनीचे पाय शेकतील तं पुन्य लागंल त्यांना." त्या दिवसापासून आमच्याकडे शेगडी पेटवताना ती न चुकता म्हणायची, "द्या दोन नापास पोरं."

शेगडी आत आणायची तिला कधी घाई नसायची. लोणारी कोळसा पुरता फुलू द्यायची, धूर जाऊ द्यायची, निळी ज्योत विझू द्यायची. मग वरून राखेचा हात फिरवून शेगडी बाजेखाली सरकवायची आणि चिमूटभर ओवा टाकायची. काथ्याची बाज. त्या काथ्यातून ऊब आधी कमरेला लागायची, मग कण्यातून हळूहळू वर मानेपर्यंत यायची. त्या पहिल्या संध्याकाळी ती ऊब खांद्यांपर्यंत आली आणि माझे आवळलेले दात आपोआप सुटले. आई गेल्यापासून मी धड झोपले नव्हते, ती त्या दिवशी दिवेलागणीलाच झोपले. पुढे माझ्या घरात गॅस आला, विजेची गिझरं आली, मुलांनी मऊ मऊ ब्लँकेटं आणून दिली. पण "ऊब" हा शब्द कुणी उच्चारला की मला ती काथ्याची बाज, ओव्याचा वास आणि बाजेशेजारी पाय पसरून सुपारी कातरणारी ठकूमावशीच आठवते. माणसाला किती थोडं लागतं, हे तिने मला शिकवलं. मी मात्र तिला काय दिलं, ते पुढे येईलच.

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांना मज्जाव. आमच्या ह्यांना मुलगी बघायची असायची, पण सासूबाईंपुढे बोलायची हिंमत नाही. मग लाल शाईची दौत शोधायच्या निमित्ताने दारात घुटमळायचे. ठकूमावशी मान वर न करता म्हणायची, "मास्तर, शाई बाजंखाली नाय. तितं शेगडी हाय." मग मुलीला दुपट्यात गुंडाळून दारापर्यंत न्यायची आणि म्हणायची, "बघा, ही घ्या तुमची दौत."

माझं तिचं एकाच गोष्टीवरून भांडण व्हायचं. खिडकीवरून. शेगडीने खोली उबदार झाली की त्या चार बोटांच्या फटीतून येणारं वारं जास्तच बोचायचं. आणि बाळंतिणीला वारा बाधतो, हे तर लहान पोरालाही माहीत. मी म्हटलं, "मावशी, एकीकडे ऊब देता आणि दुसरीकडे गारठा आत घेता, हे काय?"

ती म्हणाली, "इस्तवाला बी सास लागतो, बाय. त्याला वारा नाय दिला तं तो मानसाचा सास घेतो." आणि मग सुपारी कातरता कातरता सांगितलं. ती पाच वर्षांची असताना तिच्या आईला मूल झालं. पौषच होता. आजीने दार-खिडकी बंद करून फटींत चिंध्या कोंबल्या आणि आत शेगडी ठेवली. सकाळी आई आणि नवं मूल दोघं गार झालेली. "मी दाराशी निजली व्हती, उंबऱ्याखाली घुशीनं बीळ केल्यालं, तितं माजं तोंड. म्हनून मी ऱ्हायली. लोक बोलले लावसट लागली, भूत झोंबलं. मी म्हनली, लावसट कसली, सास नाय पुरला."

मी "हो का" म्हटलं. खरं सांगायचं तर मला ती म्हाताऱ्या बायकांची गोष्ट वाटली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. तिला अक्षरओळख नाही. तरी सव्वा महिना मी खिडकीला हात लावला नाही, कारण तिचा धाकच तसा होता.

त्यानंतर दोन वर्षांनी शेजारच्या वखारीतल्या काकूंच्या सुनेला मुलगी झाली. त्यांची लाकडाची आणि कोळशाची वखार, म्हणून आम्ही त्यांना वखारीतल्या काकूच म्हणायचो. सून कुसुम, एकोणीस-वीस वर्षांची, हसरी, मला "वहिनी, वहिनी" करत मागे फिरणारी. पुन्हा तीच थंडी, तीच ठकूमावशी, तीच शेगडी. कुसुमचं माहेर लांब घाटावर, म्हणून तीही इथेच बाळंत झालेली. मला तिच्यात मी दिसायचे.

दहाव्या का अकराव्या दिवशी संध्याकाळी मी तिच्यासाठी डिंकाचे लाडू घेऊन गेले. चार लाडू, ह्यांच्या उत्तरपत्रिकेच्या कागदात बांधलेले. ठकूमावशी नुकतीच गेली होती. कडावला तिच्या पुतण्याच्या घरी कुणी आजारी होतं, म्हणून त्या दिवशी ती ओटीवर न राहता शेवटच्या एसटीने परतली. काकू स्वयंपाकघरात होत्या. बाळ रडत होतं म्हणून त्यांनी त्याला आपल्याजवळ घेतलं होतं. बाजेखाली शेगडी असूनही कुसुम एकटी कुडकुडत पडली होती. त्या दिवशी थंडी खरोखर अघोरी होती.

"वहिनी," ती म्हणाली, "वारा थेट डोक्याला लागतोय हो. सासूबाईंना सांगितलं तर म्हणतात, ठकूमावशीला विचारल्याशिवाय खिडकीला हात लावायचा नाही."

मी म्हटलं, "एवढंच ना? थांब." मला मोठेपणा वाटला. एका बाळंतपणातून गेलेली मी, चार बुकं शिकलेली मी. मी खिडकी ओढली. लाकूड फुगलेलं होतं, झडप राहीना, पुन्हा पुन्हा उघडायची. मग लाडवांचा कागद घेतला, त्याची घडी केली आणि फटीत घट्ट कोंबली. खिडकी बसली. कुसुम म्हणाली, "आता कसं छान वाटतंय." मी तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, तिच्या गालाला हात लावला आणि घरी आले. आपण कुणाला तरी सुख दिलं असं वाटून मी त्या रात्री समाधानाने झोपले.

सकाळी वखारीतून किंकाळी ऐकू आली. मी मुलीला कडेवर घेऊन तशीच धावले. अंगणात माणसं जमली होती. थोड्या वेळाने डॉक्टर आले. कोळशाचा वायू कोंडला, झोपेतच गेली, असं ते सांगून गेले. बाळ वरचं दूध पिऊन रात्रभर काकूंजवळच निजलं होतं म्हणून वाचलं. ठकूमावशी पहिल्या एसटीने आली होती आणि खोलीत सगळ्यांत आधी तीच शिरली होती. काकू मागून आत गेल्या तेव्हा त्यांनी काय पाहिलं, तर खिडकी मिटलेली आणि ठकूमावशीचा हात खिडकीवर.

"तूच लावलीस!" काकू छाती बडवत ओरडत होत्या. "काल जाताना तूच लावलीस. तुझ्याशिवाय त्या खिडकीला हात कोण लावतं? घरातलं माणूस नाही लावत, तुझ्या भीतीने! माझी सून खाल्लीस गं!"

ठकूमावशी अंगणाच्या मध्यावर उभी होती. तिने एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. ती नजर माझ्यापाशी आली आणि माझ्या कडेवरच्या मुलीपाशी थांबली. मग ती म्हणाली, "मी उघडी ठेवली व्हती." एकदाच म्हणाली. कुणी ऐकलं नाही.

मी बोलायला तोंड उघडलं होतं, हे मी देवाशपथ सांगते. पण तेवढ्यात माझ्या शेजारी कुणीतरी म्हणालं, "ह्या बाईला पोलिसांत द्यायला पाहिजे." मुलीने माझा पदर घट्ट धरला होता. मी तोंड मिटलं. ठकूमावशीने टोपली उचलली, शेगडी तिथेच राहू दिली आणि ती गेली. काकूंच्या गड्याने ती शेगडी उकिरड्यावर फेकली. दुसऱ्या दिवशी मी ती गुपचूप उचलून आणली आणि आमच्या माळ्यावर ठेवली. का आणली ते मलाच ठाऊक नव्हतं.

रात्री ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "बोलून कुसुम परत येणार आहे का? आपल्याला मूल आहे. गप्प बस." मला नेमकं हेच ऐकायचं होतं, म्हणून मी ह्यांना दोष देत नाही. त्या कागदाचं काय झालं असेल, या विचाराने मात्र मी महिनोन्‌महिने दचकून उठायचे. कुणाच्याही हाती लागला असता तरी लाल शाईवरून आमचं घर ओळखलं असतं. पण त्या कागदाचं नाव कुणी काढलं नाही.

ठकूमावशीला त्यानंतर कर्जतमध्ये कुणी बोलावलं नाही. पुढे कडावमध्येही नाही. एकदा नाव गेलं की गेलं. तिच्या नावाने लोक पोरांना भीती घालू लागले. "गप्प नीज, नाहीतर ठकूमावशी शेगडी घेऊन येईल." ती बाजाराच्या दिवशी वालाच्या शेंगा आणि शेवगा घेऊन कर्जतला बसायची. मी तिच्याकडूनच घ्यायचे, लागायच्या त्याहून जास्त घ्यायचे. ती वरून एक मूठ टाकायची आणि विचारायची, "पोर कशी हाय?" मी "बरी आहे" म्हणायचे. तिच्या तोंडाकडे बघायची माझी ताकद नव्हती, मी शेंगांकडे बघून बोलायचे. एकदा तिने विचारलं, "शालंत जाते का?" मी हो म्हटलं. "मग नापास तं होत नाय ना?" म्हणाली आणि हसली. मी शेंगा तिथेच विसरून घरी आले.

माझं दुसरं बाळंतपण दवाखान्यात झालं. लोखंडी खाट, पांढरी चादर, सगळं स्वच्छ आणि सगळं गार. तिथे पाय पोटाशी घेऊन पडले असताना मला त्या बाजेखालच्या उबेची इतकी आठवण आली की उशी भिजली. पण ती ऊब मागायचा हक्क मी घालवला होता.

अशी अकरा वर्षं गेली. एका मार्गशीर्षात कडावचा दूधवाला म्हणाला, "ठकूमावशीचं काय खरं नाय, वहिनी. तुमची याद काढते." मी माळ्यावरून शेगडी काढली, धुतली, पिशवीत घातली आणि एसटीने कडावला गेले. ह्यांना सांगितलं नाही.

पुतण्याच्या घराच्या पडवीत ती बाजेवर पडली होती. मुठीएवढी झाली होती. पुतण्याच्या बायकोने, रखमाने, तीन घोंगड्या घातल्या होत्या. तरी पाय गार. मी तळवे हातात घेतले. बर्फाची लादी. मी रखमाकडून कोळसे मागून घेतले, अंगणात बसले, कोळसा फुलू दिला, धूर जाऊ दिला, वरून राखेचा हात फिरवला. सगळं तिच्यासारखं केलं. शेगडी बाजेखाली सरकवताना तिने ती ओळखली.

"माजीच हाय न्हवं?"

"हो मावशी."

"मातीला तडा गेलाय. लिंपून घे."

मी दुपारपासून तिचे पाय चोळत बसले. कोळसे बदलले, ओवा टाकला, तेल गरम करून लावलं. ते पाय काही गरम होईनात. माझे हात भाजले, तिचे पाय गारच. जिने अख्ख्या तालुक्यातल्या बायकांचे पाय शेकले, तिच्या पायांना मला एवढीशी ऊब देता येईना. शेवटी मी त्या पायांवर डोकं टेकलं आणि म्हटलं, "मावशी, ती खिडकी मी लावली होती."

ती म्हणाली, "मला ठावं हाय."

मी वर बघितलं.

"कागूद मी काडला फटीतून. लाल शाईचा. तुमच्या नापास पोराचा. मंग कुसमीच्या पायाला हात लावला, तं ती गेल्याली. राखंत दोन निखारं जित्तं व्हतं, त्यात टाकला कागूद. रात्रीत झडप आवळून बसल्याली, ती उगडायला गेली तवर काकू आली."

"मग सांगितलं का नाही? मावशी, सांगायचं होतंत!"

"तुजी पोर काखंत व्हती. सव्वा म्हयना मी न्हाऊ घातली तिला. तिच्या आयला लोकांनी काय बी बोलावं का?" तिला धाप लागली. जरा वेळाने म्हणाली, "तू मुद्दाम नाय केलंस. तिला थंडी वाजत व्हती, तू पांघरूण घातलंस. मी समजली." आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पन मला वाटायचं, तू येकदा येशील. अकरा वर्सं शेंगा घेतल्यास गं मास्तरनी. येक शबूद नाय बोललीस."

मी नुसती रडत राहिले. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"येक काम कर," ती म्हणाली. "काकूला सांग, ठकूनं खिडकी उगडी ठेवली व्हती. तुजं नाव नको घेऊ. नुसतं यवडं सांग. त्या पोरीला बी सांग, कुसमीच्या. तिला वाटत आसंल, मी तिची आय मारली."

मी तिच्या हातावर हात ठेवून वचन दिलं. नाव घेऊनच सांगेन, असं मनाशी ठरवलं. संध्याकाळी वारा सुटला. रखमाने येऊन पडवीची खिडकी लावली. ठकूमावशीने डोळे उघडून खिडकीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी उठले, खिडकी उघडली, चार बोटं जोडून फटीत घातली. ती "हां" म्हणाली. पहाटे ती गेली. शेगडी तेव्हाही ऊन होती.

तेरावा झाल्यावर मी वखारीत गेले. काकू आता थकल्या होत्या. कुसुमची मुलगी, अकरा वर्षांची, आईसारखीच हसरी, ओटीवर पाढे म्हणत बसली होती. मी तिलाही आत बोलावलं, दोघींना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. लाडू, कागद, झडप, सगळं. एक शब्द गाळला नाही. अकरा वर्षं न बोललेलं वाक्य एकदाचं तोंडातून निघालं. "काकू, ठकूमावशीने खिडकी उघडी ठेवली होती. लावली ती मी."

मला वाटलं, आता काकू मला मारतील. मारावं असंच वाटत होतं.

त्या म्हणाल्या, "कागद? फटीत कागदबिगद काही नव्हता गं. मी स्वतः पाहिलंय. खिडकी नुसती मिटलेली होती आणि तिचा हात खिडकीवर."

"तिने तो जाळला, काकू. मला वाचवायला जाळला."

"असं तिने सांगितलं तुला? मरताना?" काकूंनी माझा हात हातात घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते. "तू भोळी आहेस. म्हातारी जाताना आपलं पाप तुझ्या पदरात टाकून गेली, आणि तू ते घेतलंस."

"नाही हो काकू, मी माझ्या हाताने—"

"पुरे. मला ठाऊक आहे, कुसुमवर तुझा किती जीव होता ते. म्हणून असं काहीबाही मनात येतं. इतकं मनाला लावून घेऊ नये." मग नातीकडे वळून म्हणाल्या, "बघितलंस? मेलेल्या बाईचा दोष स्वतःच्या अंगावर घ्यायला निघाल्यात. इतकं मोठं मन कुणाचं असतं? पाया पड ह्यांच्या."

मी नको नको म्हणत असताना ती मुलगी वाकली आणि माझ्या पायांना हात लावून उठली. काकूंनी चहा टाकला. मी तो प्याले.

दोन दिवसांत आळीत सगळीकडे माझं कौतुक झालं. मी आणखी दोघी-तिघींना सांगून पाहिलं. त्यांनीही पाठीवरून हात फिरवला. हे म्हणाले, "आता तरी झालं ना समाधान?" रखमाला सांगितलं, तर ती म्हणाली, "जाऊद्या वहिनी, ती बी गेली, ही बी गेली." कुसुमची मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. काकू गेल्या. आळीतल्या नव्या सुना अजून पोरांना सांगतात, गप्प नीज, नाहीतर ठकूमावशी शेगडी घेऊन येईल.

तिची शेगडी माझ्याकडे आहे. तडा लिंपून घेतला. तोंडाने सांगून पाहिलं, ते कुणी घेतलं नाही, म्हणून आता लिहून ठेवते. कडावच्या ठकूमावशीने त्या संध्याकाळी खिडकी चार बोटं उघडी ठेवली होती. ती मी लावली.